अकरावी सायन्स: पीसीएमबी घ्यावं की एकच ग्रुप?

मनीषा_पंचवटी
नमस्कार मंडळी. लेकीचा दहावीचा निकाल लागला, ९१.४० टक्के. पेढे वाटून झाले आणि आता रोज रात्री जेवताना घरात एकच विषय. सायन्स घ्यायचं एवढं पक्कं आहे, पुढचं काहीच पक्कं नाही. नवरा म्हणतो पीसीएमबीच (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो) घे, मेडिकल आणि इंजिनिअरिंग दोन्ही दारं उघडी राहतात, बारावीनंतर बघू. धाकटा दीर इंजिनिअर आहे, तो म्हणतो वहिनी चार विषय म्हणजे पोरीला पिळून काढणं, आत्ताच ठरवा मॅथ्स की बायो. आणि लेक म्हणते मला दोन्ही आवडतं, तुम्हीच ठरवा!

तिला खरंच दोन्ही आवडतं, हे मी आई म्हणून कौतुकाने नाही सांगत. गेल्या पावसाळ्यात गॅलरीतल्या कढीपत्त्यावर अळ्या झाल्या, मी फांदी छाटणार होते तर तिने छाटू दिली नाही. रोज क्लासहून आली की पट्टी घेऊन अळी मोजायची, मिलिमीटरमध्ये, आणि आलेखाच्या कागदावर एक ठिपका द्यायची. आधी ती अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळी-पांढरी, मग एक दिवस कात टाकून एकदम हिरवीगार. त्या दिवसानंतर रेघ कशी चढली ते तिने मला तीनदा दाखवलं. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

तर प्रश्न असा की फॉर्म भरताना चारही विषय ठेवावेत का? ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या मुलांनी पीसीएमबी केलंय त्यांनी प्लीज खरंखरं सांगा.

सह्याद्रीकर
घ्या पीसीएमबी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला काय कळतंय आयुष्यभर काय करायचं ते. एकदा मॅथ्स सुटलं की सुटलं. माझ्या मोठ्या मुलाने केलं होतं, काही झालं नाही त्याला.

अनुजा_के
वाचतेय. पुढच्या वर्षी आमच्याकडे हेच.

पाऊसपाणी
मी स्वतः केलंय, २०१९ ची बारावी, आणि मी नको म्हणेन. कारण सांगते.

मलाही घरच्यांनी दोन्ही दारं वगैरे सांगूनच घ्यायला लावलं. अकरावी ठीक गेली कारण अकरावी कोणीच सिरियसली घेत नाही. बारावीत मात्र सकाळी कॉलेज, दुपारी नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास, आणि शनिवार-रविवार मॅथ्सची वेगळी ट्यूशन. जर्नलं चार, बायोच्या आकृत्या रात्री अकराला काढत बसायचे, एचबी पेन्सिलने, शेडिंग करायचं नाही म्हणून बाईंनी परत दिल्या की पुन्हा. जानेवारीत इंजिनिअरिंगची जेईई मेन, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये परत जेईई, मेच्या पहिल्या रविवारी नीट, शिवाय राज्याच्या सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी दोन्ही ग्रुप. मे महिन्यात मला आठवतंय मी न्यूटनच्या नियमावर बसले होते आणि डोक्यात नुसतं पेशीविभाजन फिरत होतं. नीटला शासकीय मिळेल इतके मार्क नाही आले आणि जेईईचा स्कोअर सांगण्यासारखा नाही. दोन्ही दारं उघडी होती हो, पण मी कुठल्याच दारापर्यंत पोचले नाही. आता मी बरी आहे, मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं, काम आवडतं. पण ते वर्ष मला परत नकोय आणि कोणाच्याही मुलीला नको.

सह्याद्रीकर
पाऊसपाणी, तुमचा त्रास मान्य. पण तो चार विषयांचा त्रास नाहीये, तीन-तीन परीक्षांचा आहे. माझ्या मुलाने चार विषय घेतले पण तयारी एकाच परीक्षेची केली, सीईटी पीसीएमची.

पाऊसपाणी
मग त्याला बायोचा उपयोग काय झाला?

सह्याद्रीकर
टक्केवारी चांगली आली बोर्डाची. आणि त्याला आवडायचं.

जर्नलवाले_सर
ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, १९ वर्षं झाली, सातारा जिल्हा. मनीषाताई, दरवर्षी जूनमध्ये माझ्याकडे निदान दहा पालक हा प्रश्न घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"दोन्ही दारं उघडी" हे ऐकायला छान वाटतं पण पेपर कसा असतो ते बघा. नीट ७२० मार्कांची, त्यात बायो ३६०. म्हणजे अर्धी परीक्षा बायो. आपली एमएचटी-सीईटी पीसीएम २०० मार्कांची, फिजिक्स ५० प्रश्न ५० मार्क, केमिस्ट्री ५० प्रश्न ५० मार्क, आणि मॅथ्स ५० प्रश्न पण प्रत्येकी २ मार्क, म्हणजे १००. तिथे अर्धी परीक्षा मॅथ्स. आता जो विषय तुम्ही "असू दे जोडीला" म्हणून घेताय, तो ज्या परीक्षेसाठी घेताय तिथे नेमका तोच अर्धा पेपर आहे. जोडीला घेतलेला विषय जोडीच्या तयारीने निघत नाही. वर पाऊसपाणी यांनी जे सांगितलं ते मी दरवर्षी मेमध्ये बघतो, चांगली चांगली पोरं, ८५ टक्केवाली.

आता दुसरी बाजू. चार विषय उत्तम निभावणारी मुलंही मी पाहिली आहेत आणि ती सगळी अतिहुशार होती असं मुळीच नाही. त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती, चौथा विषय त्यांनी भीतीने घेतलेला नव्हता. एक मुलगा होता, शेतकऱ्याचा, बायोच्या तासाला पहिल्या बाकावर आणि मॅथ्समध्ये वर्गात दुसरा. त्याने नीट दिलीच नाही. सीईटी दिली आणि बीएस्सी ॲग्रीला गेला, तिथे पीसीएमही चालतं आणि पीसीबीही चालतं. त्याला चारही हवे होते कारण त्याला जमिनीतलं कळून घ्यायचं होतं.

म्हणून मी पालकांना आधी एकच विचारतो, तुमच्या मुलीला विषय हवाय की विम्याची पॉलिसी हवीय?

रानजाई
सर, किती नेमकं लिहिलंत.

मी फार्मसीवाली. मनीषाताई, एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बी.फार्मला पीसीएम आणि पीसीबी दोन्ही चालतात, आणि पहिल्या सेमला पीसीबीवाल्यांना रेमेडियल मॅथ्स असतं आणि पीसीएमवाल्यांना रेमेडियल बायो. म्हणजे अभ्यासक्रम बनवणाऱ्यांनीच धरून चाललंय की अर्ध्या मुलांचा एक विषय सुटलेला असणार. मी मॅथ्स सोडलेली, दोन वर्षांनी लॉगॅरिदम बघून पहिल्या दिवशी घाम फुटला होता पण महिनाभरात जमलं. सुटलेला विषय म्हणजे तुटलेला पूल नसतो.

बाबा_लातूरकर
आमच्या लातुरात यावर चर्चाच होत नाही 😀 पोरगं दहावीला असतानाच ठरलेलं असतं डॉक्टर की इंजिनिअर, आणि खोली घेऊन आई सोबत राहायला आलेली असते. गमतीचा भाग सोडा. पण लातूर पॅटर्नचं जे नाव झालं ते एकाच गोष्टीमागे लागण्याने झालं. सराव, परत सराव. त्यात चार विषय बसत नाहीत. मी मुलीला पीसीबीच दिलं आणि ती आज शासकीय मेडिकलला आहे.

पण खरं सांगायचं तर तिचं मॅथ्स फार छान होतं. दहावीला ९८ होते. अजूनही घरी आली की भाच्यांची गणितं सोडवत बसते, आम्ही गप्पा मारतो आणि ती कोपऱ्यात बसून त्रिकोणमिती. मला तेव्हा जरा कसंतरी होतं.

अनुजा_के
बाबा 🙏 हे वाचून थांबले दोन मिनिटं.

टेम्सकाठी
इकडचा अनुभव लिहिते, आम्ही इंग्लंडात स्लाउला असतो. इथे हाच प्रश्न "तीन की चार ए-लेव्हल (इथले अकरावी-बारावीचे विषय)" असा येतो आणि तोही सोळाव्या वर्षीच. भारतातून आलेले आपण सगळे पहिल्यांदा चारच म्हणतो, कारण तीनच विषय शिकायचे ही कल्पनाच पचत नाही. मीही शाळेत जाऊन भांडले होते की मुलगा चार घेऊ शकतो तर तीन का. त्याच्या ट्यूटरबाईंनी शांतपणे सांगितलं की युनिव्हर्सिटीची ऑफर बहुतेक सगळीकडे तीन ग्रेडवरच येते, तीन ए चौथ्या बी-पेक्षा भारी पडतात. अपवाद एकच, फर्दर मॅथ्स, म्हणजे मॅथ्सचाच पुढचा वेगळा विषय. ज्याला मॅथ्स किंवा फिजिक्स वगैरेला चांगल्या ठिकाणी जायचंय त्याने चौथा म्हणून ते घेतलं तर अर्थ आहे.

शेवटी त्याने चार सुरू केले, मॅथ्स, केमिस्ट्री, बायो, फिजिक्स, आणि ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत वापरून बघितले. ही सोय इथे बऱ्याच शाळा देतात. मग फिजिक्स सोडलं. मेडिसिनला केमिस्ट्री आणि बायो बहुतेक मागतात, फिजिक्सचं त्याला काही पडलेलं नव्हतं. सोडलं त्या दिवशी घरी येऊन दुपारी तीन तास झोपला. एवढं दमलं होतं पोर आणि मला कळलंही नव्हतं.

मनीषाताई, तुमच्याकडे अशी सोय आहे का, दोन-चार महिन्यांनी एक विषय कमी करायची? असेल तर आत्ता ठरवायची घाईच कशाला.

जर्नलवाले_सर
टेम्सकाठी, महत्त्वाचा मुद्दा काढलात. आमच्या कॉलेजात अकरावीच्या सुरुवातीच्या काळात विषयबदल करून देतो, अर्ज द्यायचा, पालकांची सही, आणि ज्या विषयात जायचं तिथे जागा हवी. पण प्रत्येक कॉलेजचं वेगळं असतं आणि तारीख उलटली की कोणी ऐकत नाही. प्रवेश घेतानाच ऑफिसात लेखी विचारून घ्या. आणखी एक, कमी करणं सोपं असतं, वाढवणं अवघड. बायो सोडून आयटी किंवा जिऑग्राफी घेता येते. आधी सोडलेलं मॅथ्स दिवाळीनंतर परत घ्यायचं म्हटलं तर तोवर वर्ग बराच पुढे गेलेला असतो.

मुळामुठा
आयटी घ्या आयटी! पेपर ऑनलाइन, मार्क पडतात, भाषेच्या जागी पण चालतं. माझ्या भावाला ९७.

रानजाई
मुळामुठा, मराठी सोडून आयटी घेणाऱ्यांबद्दल मला जरा वाईट वाटतं. मी बारावीला मराठी ठेवलेली आणि त्या धकाधकीत तो एकच तास असा होता की जिथे बसून श्वास घेता यायचा.

मुळामुठा
खरंय ते. मी स्कोअरिंगच्या अंगाने बोललो.

कोल्हापूरची_सून
थोडं अवांतर, पण सायन्स सोडून बाकीच्यांचं पण कोणीतरी लिहा. आमच्याकडे कॉमर्स आहे आणि तिथे हाच खेळ "मॅथ्स की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस)" असा असतो. सगळे म्हणाले एसपी सोपं, मार्क मिळतात. मुलीने ऐकलं नाही, मॅथ्स ठेवलं, आणि आता तिला दिल्ली युनिव्हर्सिटीला इकॉनॉमिक्स ऑनर्सला जायचंय तर तिथे मॅथ्स लागतंच. सीयूईटीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेला पण मॅथ्सचा पेपर द्यावा लागतो त्यासाठी. तिच्या दोन मैत्रिणी एसपीवाल्या, हुशार पोरी, त्यांना हे बारावीत कळलं. रडल्या बिचाऱ्या.

सीयूईटीचं पण तसंच बघा, आधी नऊ-दहा विषय निवडायची मुभा होती, लोक भीतीने भरपूर विषय टिकमार्क करायचे. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच. मला तर बरं वाटलं. मुलं आता आधी कोर्स बघतात आणि मग विषय.

अनुजा_के
हे फार उपयोगी. म्हणजे उलटं वाचायचं, आधी पुढचा कोर्स काय मागतो ते.

सह्याद्रीकर
पण तेच तर म्हणतोय, पुढचा कोर्स माहीतच नसतो दहावीनंतर! म्हणूनच चार.

निळा_डबा
सह्याद्रीकर काका, आणि बायो आता सुटलं तरी कायमचं सुटत नाही. माझ्या आत्येभावाने पीसीएम केलं, इंजिनिअरिंगचं एक वर्षही केलं, मग डॉक्टर व्हायचं डोक्यात बसलं. पूर्वी अशा मुलांना अडवायचे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने नोटीस काढली की बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त बोर्डाकडून बायो जादा विषय म्हणून पास झालात तरी नीटला पात्र. आपल्या बोर्डात अशांना "तुरळक विषय घेऊन बसणारे" म्हणतात, फॉर्म वेगळा असतो. तो बसला. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान मुलांबरोबर जास्वंदीचं फूल उभं कापत होता, हात थरथरत होता म्हणे. पण झालं.

त्यामुळे "आत्ता नाही घेतलं तर संपलं" ही भीती निदान बायोच्या बाबतीत आता पूर्वीएवढी खरी नाही.

सह्याद्रीकर
हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. मग माझं मत थोडं बदलतो, शंका असेल तर मॅथ्स ठेवावं, बायो नंतर जोडता येतं.

पाऊसपाणी
हे मान्य 🙂

बाबा_लातूरकर
नाही हो, ज्या पोराला मॅथ्सचा तिटकारा आहे त्याला कशाला दोन वर्षं छळायचं? माझा पुतण्या मॅथ्सच्या पेपरच्या आदल्या रात्री उलट्या करायचा. मॅथ्स टाकलं आणि पोरगं माणसात आलं. सरसकट काही सांगू नका.

मनीषा_पंचवटी
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. सरांचा तो विम्याच्या पॉलिसीचा प्रश्न मी काल जेवताना तसाच्या तसा वाचून दाखवला. नवरा गप्प बसला. मग म्हणाला, "मला पॉलिसीच हवी होती गं, माझ्या वेळी माझ्याकडे नव्हती." त्याचं मॅथ्स अकरावीत सुटलं होतं, मामांच्या सांगण्यावरून, आणि तो पुढे बीएस्सीला गेला, ते त्याच्या मनात अजून आहे हे मला लग्नाला अठरा वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं.

लेकीला विचारलं, डॉक्टर व्हायचंय का? म्हणे नाही, रक्त बघवत नाही. इंजिनिअर? म्हणे कशाची इंजिनिअर? मग तुला हवंय काय? तर म्हणाली, ती अळी रोज सारखी का वाढत नाही ते मोजायचंय. मला यावर काय बोलावं कळेना.

निरभ्र_७
मनीषाताई, मी इतके दिवस नुसता वाचत होतो, तुमच्या या शेवटच्या वाक्यामुळे लॉगिन केलं.

मी आयसर पुण्यातून शिकलोय, ती विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था. तुमची लेक जे म्हणतेय ना, वाढ मोजायची, कात टाकताना रेघ कुठे वळते ते बघायचं, त्याला लोक आयुष्यं देतात. आणि तिथे मॅथ्स आणि बायो वेगळे काढताच येत नाहीत. आयसरच्या प्रवेशपरीक्षेत ६० प्रश्न असतात, बायो, केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स, प्रत्येकी १५. पात्रतेला चारपैकी तीन विषय बारावीत असले तरी चालतं, त्यामुळे पीसीएमवाली मुलंही येतात आणि पीसीबीवालीही, पण पेपरात मग १५ प्रश्न जवळजवळ परके वाटतात. मी पीसीएमवाला होतो. बायोचे १५ पैकी चार सोडवले, तेही दहावीच्या भरवशावर. आत गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत सगळ्यांना सगळंच शिकावं लागतं. पहिल्या बायोच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोप फोकस करायला मला वीस मिनिटं लागली आणि शेजारची मुलगी तोवर चित्र काढून मोकळी झाली होती. ती पीसीएमबीवाली. नंतर गणिताच्या तासाला पण तीच पुढे होती.

नायसर या तशाच संस्थेसाठी नेस्ट ही परीक्षा असते, तिथेही याच चार विषयांचे भाग असतात.

तिने पीसीएमबी घ्यावं असं मला वाटतं. नीट आणि जेईईच्या दोन दारांसाठी नाही. तिला जिथे जायचंय तिथे चारही लागतात म्हणून.

जर्नलवाले_सर
निरभ्र, शाब्बास. मीही हेच म्हणणार होतो. मनीषाताई, फक्त एक पाळा, क्लास. चार विषय आणि त्यावर नीट-जेईईची दुहेरी बॅच असं करू नका. चार विषय कॉलेजात व्यवस्थित शिकली, प्रॅक्टिकल मनापासून केली, तर दिवसाला झोप पूर्ण होऊन हे जमतं. दुहेरी बॅच लावली तर नाही जमत, मी १९ वर्षांत फार कमी जणांना जमलेलं पाहिलंय.

पाऊसपाणी
सरांना शंभर वेळा अनुमोदन. मनीषाताई, मी नको म्हणाले होते ते मागे घेते. माझं आणि तिचं कारण वेगळं आहे. मला कोणी विचारलंच नव्हतं मला काय मोजायचंय ते.

टेम्सकाठी
आणि तरी ऑक्टोबरात एकदा तिला शांत बसवून विचारा, झेपतंय का. मी विचारलं नव्हतं म्हणून सांगते.

मनीषा_पंचवटी
अपडेट देते. आज कॉलेजात जाऊन आलो तिघं. पीसीएमबी आणि मराठी असं भरलं. ऑफिसातल्या मॅडमनी सांगितलं विषयबदलाचा अर्ज गणपतीपर्यंत घेतात, ते मी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. एका क्लासने दुहेरी बॅचची फी सांगितली होती, दोन वर्षांचे हप्ते पाडून, ते नाही म्हणून कळवलं. मॅथ्सची घराजवळ एक बाई शिकवतात, तेवढी फक्त. नवरा परत येताना गाडीत म्हणाला, मला पण दाखव गं तो आलेख.

निरभ्र, तुम्हाला एक विचारायचं होतं तिच्यातर्फे. यावेळी ती दोन अळ्या मोजणार आहे, एक कढीपत्त्यावरची आणि एक लिंबावरची. लांबी मोजावी की वजन, असं विचारतेय. आमच्याकडे किचनचा काटा आहे, पण तो एक ग्रॅमच्या खाली दाखवत नाही.

निरभ्र_७
लांबीच. पण दिवसाच्या एकाच वेळी मोजायला सांगा, आणि अळी चालत असताना नाही, थांबलेली असताना, नाहीतर ताणली की दोन-तीन मिलिमीटर सहज फरक पडतो. दोन अळ्या कमी आहेत, निदान पाच-पाच घ्या. आणि कात टाकायच्या आधी ती जवळजवळ दिवसभर खात नाही, तेव्हा रेघ सपाट दिसेल, तिला म्हणावं ती चूक नाही, ते ठिपके खोडू नकोस.